दुपारची सभा

झाडं आपल्या बागेचा कारभार स्वतःच पाहत, त्या काळातली ही गोष्ट. एका उन्हाच्या बागेत म्हाताऱ्या जास्वंदीच्या बुंध्याजवळची माती उडून गेली होती आणि तिची मुळं भाजत होती. पूर्वी तिच्या पायाशी चिनी गुलाब पसरलेला असे. भर दुपारी तो फुलांनी भरून जाई आणि खालची माती गार राही. पुढे बागेला नीटनेटकेपणाची हौस आली आणि त्याला कुंपणाबाहेर काढलं.

आता जमीन झाकायला कोणाला घ्यायचं, हे ठरवण्यासाठी मोगऱ्याने रिवाजाप्रमाणे पहाटे सभा भरवली. विलायती हिरवळ दवाने चमकत आली. चिनी गुलाबही आला, पण पाकळ्या मिटून.

"हा तर झोपलाय," मोगरा म्हणाला.

"त्याची फुलं ऊन चढल्यावर उघडतात," जास्वंद म्हणाली.

"सभा पहाटेच होते, काकू."

"माझी मुळं पहाटे भाजत नाहीत, मोगरेराव. राखण करायची दुपारी आणि परीक्षा घ्यायची गारव्यात, हा कुठला न्याय? सभा दुपारी भरवा."

"भरवू की," मोगरा हसला. "ऊन आम्हाला काय नवं आहे?"

दुपारी हिरवळीचा निरोप आला, की पाणी मिळाल्याशिवाय येता येणार नाही. मोगऱ्याने स्वतःच मान टाकली होती. सभेला एकटा चिनी गुलाब आला, सगळी फुलं उघडून. निकालासाठी तो थांबला नाही. तो सरळ जास्वंदीच्या पायाशी पसरला.