ओठावरचा कापूस

एका गुळाच्या पेठेत एकदा एक म्हातारे दंतवैद्य राहत असत. लोकांचे वेडेवाकडे दात तारांनी ओळीत आणणे हा त्यांचा व्यवसाय, आणि शहाण्यासुरत्या माणसांची फिरकी घेणे हा छंद. त्यांच्या हाताखाली एक शिष्य होता. परीक्षेत पहिला आलेला. त्यामुळे त्याचे बरेच शिकायचे राहून गेले होते.

त्या गावी दुपारी एक वाजला की सारे गाव वामकुक्षीला लवंडत असे. गुळाचा वास जड होऊन रस्त्यावर बसकण मारी, ढेपांवरच्या माश्याही आवाज बारीक करीत. आणि मग पेठेतल्या थोरल्या शेठजींचे घोरणे सुरू होई. ते ऐकून दुकानदार फळ्या लावीत. घड्याळाकडे कोणी पाहत नसे. माणूस सुखी असला म्हणजे असा घोरतो, असे गाव कौतुकाने म्हणे. कौतुक करायला अक्कल थोडीच लागते?

एके दिवशी हे शेठजी दाढ दुखते म्हणून आले, आणि खुर्चीत मान टेकताच तोंड उघडे ठेवून झोपी गेले. शिष्य त्यांना हलवायला पुढे झाला. गुरुजींनी त्याचा हात धरला. खणातून सावरीच्या कापसाचा एक पुंजका काढला, शेठजींच्या वरच्या ओठावर अलगद ठेवला, आणि स्टूल ओढून, गालावर हात ठेवून, जत्रेतला खेळ पाहावा तसे बसून राहिले.

शिष्याला लाज वाटली. एवढ्या मोठ्या माणसाची ही काय थट्टा, असे तो पुटपुटला. गुरुजींनी त्याला नुसत्या भुवईने गप्प केले.

कापूस थरथरत होता. तिरप्या उन्हात तो ढगाच्या पिलासारखा दिसत होता, आणि त्याच्याकडे पाहता पाहता शिष्याला आपणही कुठल्याशा पांढऱ्या पाण्यावर तरंगतो आहोत असे वाटू लागले. घोरणे चढत गेले. चढत गेले, आणि एकदम थांबले.

कापूस निश्चल झाला. शेठजींची छाती धडपडत होती, पण कापूस हलत नव्हता. शिष्य मनात आकडे मोजू लागला. बावीस झाले तेव्हा शेठजींनी मोठा गचका दिला, कापूस उडून शिष्याच्याच नाकावर बसला. शेठजींचे डोळे मात्र मिटलेलेच.

गुरुजींनी पुंजका पुन्हा ठेवला. श्वास पुन्हा अडला, तेव्हा त्यांनी शेठजींच्या कानांखाली जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांना बोटे लावली आणि खालचा जबडा, अडकलेला खण ओढावा तसा, किंचित पुढे घेतला. कापूस लगेच हलू लागला. घोरण्यावाचून.

“विद्वान,” गुरुजी हळूच म्हणाले, “आपल्याला वाटतं, दात सरळ करायचे ते फोटोसाठी. अरे, दातांची ओळ म्हणजे अंगणाची भिंत. भिंत आत आली की जिभेला नांदायला जागा उरत नाही. जागेपणी बिचारी अंग चोरून असते. झोपेत सैल पडते आणि मागच्या दारातच आडवी होते. वारा दाराला धडका देतो, त्याला गाव सुख म्हणतं. मग दार बंदच पडतं. आत जीव घाबरतो, माणसाला ढकलून उठवतो, आणि सकाळी याला काही आठवत नाही. रात्रभर असा पहारा केल्यावर दिवसा पेंग येणारच. डॉक्टर याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. सगळ्यांचंच दार जबड्यापायी अडतं असं नाही, म्हणून आधी झोपेची तपासणी. पण यांचं बहुधा त्यानंच अडतं.”

शेठजी जागे झाले आणि ओशाळले. मग खाली मान घालून त्यांनी सांगितले की आता डुलकीची चेष्टा सहन होत नाही. तीन महिन्यांपूर्वी नदीच्या पायरीवर नात रेवा हिचा हात धरून ते बसले होते. डोळा लागला, हात सुटला. कपडे धुणाऱ्या बाईने पोरीला कमरेएवढ्या पाण्यातून ओढून काढले. तेव्हापासून सून मुलीचा हात त्यांच्या हाती देत नव्हती.

“तिचं चुकत नाही हो,” ते म्हणाले. “माझाच माझ्यावर भरवसा नाही.”

शहरात एक रात्र तपासणी झाली; श्वास वारंवार थांबतो असे निघाले, आणि तिथल्या डॉक्टरांनीही जबड्याच्या उपायाला होकार दिला. मग गुरुजींनी शेठजींच्या दातांचे ठसे घेतले आणि रात्री वरच्या-खालच्या दातांवर चढवायच्या दोन खोबणी बनवल्या, खालचा जबडा पुढे धरून ठेवणाऱ्या. दर थोड्या दिवसांनी केसभर पुढे. घोड्याला लगाम घातला काय, असे शेठजी कुरकुरले. जबडा ठणकला, उशी लाळेने भिजली. पण दुपारीही ते खोबणी घालूनच आडवे होऊ लागले.

आणि एके दिवशी गावाची पंचाईत झाली. एक वाजून गेला, दोन वाजले, तरी पेठ उघडीच. कारण घोरणेच ऐकू येईना. शेठाणी घाबरून नवऱ्याच्या नाकाशी बोट धरून बसल्या. बोटाला सावकाश, एकसारखी ऊब लागत राहिली. तपासणी पुन्हा झाली. तीही समाधानाची निघाली.

पुढे काही आठवड्यांनी शेठजी आले ते रेवाचा हात धरून. बरोबर सून नव्हती. शिष्याने ते पाहिले आणि काहीतरी गमतीचे बोलायला तोंड उघडले. पण शेठजींच्या मुठीत कागदाची पुडी होती. ती त्यांनी टेबलावर उलगडली. आत सावरीचा पुंजका.

“काल दुपारी ही माझ्याजवळ निजली होती,” ते म्हणाले. “मी जागाच होतो. हिचाही कापूस थांबतो.”

गुरुजींची फिरकी त्या दिवशी कुठे गेली कोण जाणे. त्यांनी पोरीला आ करायला लावले. टाळू अरुंद, कमानीसारखी उंच. टॉन्सिलही दाखवून घेऊ, झोपही तपासू, आणि हाड अजून कोवळे आहे, हिच्या भिंती हळूहळू बाहेर सरकवता येतील, असे ते म्हणाले.

 शिष्याने तो पुंजका पुडीत परत बांधला आणि आपल्या खिशात ठेवला.

तुमच्या घरी कोणी घोरत असेल तर खुशाल हसा. घोरणे मध्येच थांबले, की मात्र आकडे मोजायला लागा.