तांबटाची जीप आणि मिस्त्रीचे ठोके

बाजारपेठेच्या एका गावात दामोदर नावाचा एक तांबट होता. घागर असो, हंडा असो की अंघोळीचा बंब, त्याच्या हातून गेलेल्या भांड्यात तोंड दिसे. पोचा पडलेले भांडे कुणी आणले की तो आधी त्या माणसाकडे रागाने पाही आणि मगच भांडे हातात घेई. हातोडीचे ठोके त्याच्याही भांड्यांवर असत, चांगले हजारो असत. पण आपले ठोके म्हणजे नक्षी आणि दुसऱ्याचा ठोका म्हणजे पोचा, असा त्याचा सरळ न्याय होता.

त्याच्या परसात वडिलांची जुनी जीप उभी होती. वडील तिच्यात भांडी भरून आठ गावांचे बाजार करत. ते गेल्यापासून बारा वर्षे जीप जागची हलली नव्हती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. एके दिवशी दामोदरने कोंबड्या हाकलल्या आणि बायकोला सांगितले, "हिचं इंजिन मी घरीच खोलणार आणि घरीच बांधणार."

"कासममिस्त्रींना विचारलंत?" इंदुमती म्हणाली. वडिलांच्या काळात जीपची सगळी दुरुस्ती कासममिस्त्रीच करत. आता ते थकले होते, दुकान बंद करून घरीच असत.

"त्यांना कशाला विचारायचं? धातूचं काम आहे. धातू मला कुणी शिकवायचा?"

आणि खरेच, हात चांगलाच होता त्याचा. पडवीत पोते अंथरून त्याने इंजिन सुटे केले. पिस्टन घंगाळात, झडपा परातीत, नटबोल्ट तांब्यांत. एवढ्या थाटाच्या भांड्यांत कुठले इंजिन बसले नसेल. इंजिनाचा मुख्य दांडा त्याने तालुक्याच्या लेथवर नेऊन घासून घेतला. लेथवाल्याने तो परत देताना बजावले, "ही शेवटची घासणी. आता याला ओरखडा गेला तर दांडा भंगारात, आणि असला दुसरा तुम्हाला कुठे मिळणार नाही. दांडा गेला की जीप गेली." दामोदरने तो दांडा घोंगडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन घरी आणला.

मग आली रॉडची पाळी. पिस्टनला दांड्याशी जोडणारे चार रॉड असतात. प्रत्येक रॉडच्या टोकाला अर्धी कडी असते आणि दुसरी अर्धी कडी खालून बोल्टने आवळतात. तिला मिस्त्री लोक टोपी म्हणतात. रॉकेलमधून काढून पुसताना दामोदरला दिसले, की रॉडवर आणि टोप्यांवर कुणीतरी ठोके मारून ठेवले आहेत. एका जोडीवर एक ठोका, दुसरीवर दोन, तिसरीवर तीन, चौथीवर चार. मोजले असते तर काय ते लगेच कळले असते. दामोदरने मोजले नाहीत. पोचे कोण मोजतो!

त्या दिवशी तुकाशेटच्या हॉटेलात चहा पिताना तो दहाजणांसमोर म्हणाला, "कासममिस्त्रींच्या हाताखालून वस्तू गेली, की लगेच ओळखू येते. जागोजाग पोचे!" लोक हसले. घरी येऊन दामोदरने कानस घेतली आणि घासायला बसला.

गावात बोलणे पोचायला किती वेळ लागतो? दोन जोड्या घासून होतात न होतात तोच इंदुमती बाजारातून आली. म्हणाली, "अहो, वाटेत कासमचाचा भेटले. म्हणाले, ते पोचे मी मुद्दाम पाडलेत, दामोदरला म्हणावं राहू दे."

दामोदरच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपली चूक झाकायला म्हातारा आता मुद्दाम म्हणतो! दोन जोड्या अजून उरल्या होत्या. त्याने त्या आणखी जोर लावून घासल्या. तासाभरात चारही टोप्या एका परातीत लखलखत पडल्या होत्या, कुठली कुठल्या रॉडची ते आता देवालाच माहीत.

पुढे दोन महिने जोडणी चालली. टोप्या आवळताना इंजिन एका जागी जरा जड लागले होते, पण बेअरिंग नवीन आहेत, असे व्हायचेच, म्हणून त्याने मनाची समजूत घातली. इंजिन जीपमध्ये चढले. मंगळवारी, बाजाराच्या दिवशी, सकाळी दहाला जीप सुरू होणार असे त्याने गावभर सांगितले. वडिलांसारखीच ती भांडी भरून त्याच दिवशी शेजारच्या बाजारी न्यायची, हेही सांगून टाकले.

मंगळवारी अंगणात ही गर्दी! जीपला झेंडूचा हार होता, मागे हंडे चढवले होते. तुकाशेटने स्वतःच्या खर्चाने चहा आणला होता. दामोदर छाती काढून पुढे आला. किल्ली मारण्याआधी त्याने रीत म्हणून हँडल लावून इंजिन एकदा हाताने फिरवले.

इंजिन छान फिरले. फिरता फिरता एका जागी अडले, जोर केल्यावर सुटले आणि पुन्हा छान फिरले. दुसऱ्या फेरीला त्याच जागी अडले. तिसऱ्यालाही.

"नवं इंजिन आहे शेट, आवळून असणारच," तुकाशेट म्हणाला. "मारा किल्ली, आपोआप सुटेल!"

दामोदरलाही तेच हवे होते. सगळे गाव दारात उभे होते. पण पस्तीस वर्षे त्याच्या हाताने तांब्याचा पत्रा कुठे जाड, कुठे पातळ, हे डोळे मिटून ओळखले होते. तो हात ऐकायला तयार नव्हता. काहीतरी अडत नव्हते, काहीतरी खात होते, आणि खात होते ते त्या दांड्यालाच.

इंदुमती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "लोकांचं राहू द्या. तुमचा हात काय म्हणतोय?"

दामोदरने हँडल धरून ठेवले. एकेका जोडीवर, रॉडवर आणि टोपीवर, सारखेच ठोके होते हे त्याला आता आठवले; कुठली टोपी कुठल्या रॉडची, याचीच ती खूण होती. मग किल्ली खिशात घातली आणि लोकांकडे वळला.

"गाडी आज सुरू होणार नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला. "कासममिस्त्रींनी आत खुणा केल्या होत्या. मी त्यांना पोचे म्हणालो आणि घासून टाकल्या. चूक त्यांची नव्हती, माझी होती."

कुणी हसले, कुणी कुजबुजले. तुकाशेटच्या हातातली किटली तशीच राहिली. दामोदर गर्दीतून वाट काढत सरळ कासमचाचांच्या घराकडे चालू लागला. कान लाल झाले होते, पण पाय अडखळले नाहीत.

कासमचाचा ओट्यावर बसले होते. हात थरथरत होते आणि डोळ्यांना बेताचेच दिसत होते.

"चाचा, माझं चुकलं. तुमच्या खुणा मी घासल्या."

"चारही?"

"चारही." एवढ्यावर भागले असते. पण दामोदरला ते पुरेना. त्याने सांगितले, "दोन अजाणता घासल्या. दोन तुमचा निरोप आल्यावर, रागाने."

कासमचाचा म्हणाले, "हे तू सांगितलं नसतंस तर मला कधी कळलं नसतं."

"म्हणूनच सांगितलं."

"मग माझ्या चपला दे. इथं बसून खुणा परत यायच्या नाहीत."

त्याच दुपारी पडवीत पुन्हा पोते अंथरले. दोन महिन्यांची जोडणी दोन दिवसांत सुटी झाली. दांडा बाहेर आला तेव्हा दामोदरने श्वास रोखून त्यावरून बोट फिरवले. ओरखडा नव्हता. किल्ली मारली असती तर संध्याकाळपर्यंत तो भंगारात गेला असता.

कासमचाचांनी खुर्चीवर बसून समजावले, "रॉड आणि टोपी एकत्र बसवूनच आतलं भोक पाडतात. म्हणून ज्याची टोपी त्यालाच बसते. दुसऱ्याची लावली तर बोल्ट आवळले जातात, पण सांध्यावर पायरी राहते. केसाहून बारीक. डोळ्याला दिसायची नाही, नखाला लागेल. माझ्या बोटांत आता ते राहिलं नाही. तुझ्यात असेल. तांबट आहेस ना?"

दामोदर कामाला लागला. चार रॉड, चार टोप्या, शिवाय प्रत्येक टोपी सुलटी आणि उलटी. बत्तीस वेळा बसवायची, आवळायची, सांध्यावरून नख फिरवायचे आणि सोडायची. नख अटकले की चाचा मान हलवत आणि म्हणत, "दुसरी." तीन दिवस हेच चालले. तिसऱ्या दिवशी उलगडले, की पहिली आणि चौथी टोपी नशिबाने आपापल्या जागी होती. दुसरी आणि तिसरी यांची अदलाबदल झाली होती. बरोबर जोडी जुळली तेव्हा नख असे सरकले, की दामोदरच्या तोंडून "वा!" निघून गेले.

चाचांनी त्याच्या हातात खुणेचा ठोका पाडायचा टोकदार पंच ठेवला. दामोदरने पहिल्या जोडीवर हलकेच एक ठोका मारला.

"जोरात मार," चाचा म्हणाले. "शोभेचं काम नाही हे. तुझ्यामागून जो खोलेल त्याला दिसायला हवं."

जोडणी पुन्हा पुरी झाल्यावरच्या मंगळवारी दामोदरने कुणालाही बोलावले नाही. तरी निम्मे गाव आलेच. त्याने हँडल फिरवले. इंजिन गोल फिरले, कुठेही अडले नाही. तुकाशेट तोंड उघडणार, तेवढ्यात दामोदरने खुर्ची आणून जीपला लागून ठेवली, तीवर कासमचाचांना बसवले आणि त्यांचा हात बॉनेटवर ठेवला. मग किल्ली मारली.

इंजिन एकदा खोकले, दोनदा खोकले, आणि धडधडत सुरू झाले. मागचे हंडे किणकिणू लागले. लोकांनी टाळ्या पिटल्या. दामोदरला हसावे की रडावे कळेना, तो दोन्ही करत होता.

"बंद कर," कासमचाचा म्हणाले.

दामोदरने झटकन किल्ली फिरवली.

"काय झालं चाचा? काही वाजतंय?"

"काही वाजत नाही," चाचा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "बारा वर्षांनी ऐकलं. पुन्हा सुरू कर, मला परत ऐकायचंय."

दामोदरने पुन्हा किल्ली मारली.

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामात दोष दिसला तर तो पुसण्याआधी त्याला विचारावे, आणि रागाच्या भरात पुसलाच, तर तो रागसुद्धा आपल्या तोंडाने कबूल करावा, कारण खरी दुरुस्ती तिथूनच सुरू होते.