सटवाजी टोच्या आणि खोटा लिंब

फार वर्षांपूर्वी, म्हणजे तुमच्या पणजोबांच्या डोक्यावर केस आणि तोंडात दात दोन्ही एकदम होते तेव्हा, आपल्या या खडकवेळेत एक माणूस चालत आला. त्याचं नाव सटवाजी. लोक त्याला सटवाजी टोच्या म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागं. पण तो सदानकदा निघूनच चाललेला असायचा, त्यामुळं त्याला ते ऐकू यायचंच.

त्याचं काम एकच. गावोगाव फिरायचं आणि लहान पोरांना देवी टोचायची. देवी म्हणजे तो रोग, अंगभर फोड उठवणारा. पोरं न्यायचा, आणि राहिली त्यांची तोंडं चाळणीसारखी करून जायचा. तुम्ही तो पाहिला नाही. पाहिला नाही म्हणूनच तुम्हाला एवढ्या शंका सुचतात. असू द्या, तुमच्यावर नंतर येतो.

तेव्हा आतासारखी बर्फाची पेटी नव्हती. लस पोराच्या दंडावर बसून प्रवास करायची. एका पोराला टोचलं की आठव्या दिवशी त्याच्या दंडावर एक फोड पिकायचा. त्यातलं पाणी सुईवर घ्यायचं आणि दुसऱ्या पोराला टोचायचं. शेजारणीच्या चुलीतून विस्तव आणावा ना, तसं. आठवा दिवस हुकला की फोड सुकला, फोड सुकला की विस्तव विझला. मग शहरातून नवी लस यायची तर पावसाळा उलटायचा. म्हणून सटवाजीला दर आठव्या दिवशी एक नवं पोर लागायचं, आणि ते पोर देणारे आईबाप लागायचे. पोरं रग्गड होती. आईबापांचीच टंचाई होती.

त्यामुळं तो थकलेला असायचा. इतका, की चालता चालता झोपायचा आणि पाय आपले आपण वाट ओळखत पुढं जायचे, असं म्हणतात. एकदा म्हणे झोपेतच नदी पार करून गेला आणि पलीकडं जाग आल्यावर धोतर कुणी भिजवलं म्हणून विचारत बसला. त्याची सावलीसुद्धा दोन पावलं मागून ओढत यायची.

तो आपल्या गावात आला तेव्हा संगं वरल्या वाडीची पारू धनगरीण होती. तिच्या कडेवर आठ महिन्यांचा पोरगा आणि पोराच्या दंडावर मोत्यासारखा टपोरा फोड. आठवा दिवस होता तो. घाटाखालच्या पेठेत देवी शिरली होती आणि रोज दोन-दोन, तीन-तीन पोरं चालली होती. म्हणजे काय ते बघा. दिवस मावळायच्या आत खडकवेळेतल्या कुण्या आईबापानं एक पोर पुढं केलं तर गाव वाचायला वाट होती. नाही तर नाही.

आता आपलं गाव कसं आहे ते मी सांगायला नको. पारावरच्या चार टवाळांनी शेळीचं करडू फडक्यात गुंडाळून पुढं केलं. "घ्या, हे पहिलं बाळ!" सटवाजीनं अर्धवट मिटल्या डोळ्यांनी फडकं वर केलं, बघितलं आणि म्हणाला, "कान बापावर गेलेत." आणि पुढं चालू लागला. टवाळांपैकी कोण कोणाकडं बघून हसलं ते आजवर ठरलेलं नाही. त्यांतला एक माझा आजा होता, म्हणून मीही जास्त चौकशी करत नाही.

पुढं गेला तर गावातल्या दारादारावर कडुलिंबाचा डहाळा. लिंब दारावर म्हणजे घरात देवी आली आहे, परक्यानं आत पाऊल टाकायचं नाही. ही अक्कल बयनाआत्याची, गावात तिचा शब्द चालायचा. तिनं सकाळीच गावाला सांगितलं होतं, "लिंब लावा आन गुमान बसा. टोच्याचा बाप पण आत येत न्हाई."

सटवाजी चिंचेखाली बसला. पारू त्याच्यासमोर बसली.

"मामा, समद्या गावाला एकदमच देवी आली व्हय?"

"आली आसंल."

"आन एका घरातनं रडू न्हाई?"

"समजूतदार पोरं हायेत."

"आवं, खोटा लिंब हाय ह्यो! जावा की आत!"

"न्हाई गं," सटवाजी म्हणाला. "लिंबाच्या दारात पाय घालू नये, आसं माझ्या आयनं शिकवलंय." आणि पाठ बुंध्याला टेकून बसला.

चिंचेसमोर कोंडाजी कुंभाराचं घर होतं. कोंडाजी, त्याची बायको गोजरा आणि सात महिन्यांची चिमी. चिमीच्या आधी त्यांना एक मुलगा होता, म्हसू. दोन वर्षांपूर्वी त्याला देवी आली, तेव्हाही या दारावर लिंब लागला होता. तेरा दिवस. म्हसू गेला, तरी डहाळा तसाच लटकत राहिला. वाळला, पानं गळाली, काडी उरली. ती काढायला दोघांचाही हात धजला नव्हता.

आणि आज सकाळी कोंडाजीनं त्याच खिळ्याला हिरवा डहाळा अडकवला होता.

गोजरा दिवसभर उंबऱ्याच्या आत बसून त्या डहाळ्याकडं बघत होती. कासराभर दिवस उरला तेव्हा ती म्हणाली, "धनी, त्यो काढा."

"का?"

"मागल्या खेपंला खरा लावला व्हता. आज खोटा लावलाय. खोटं का व्हईना, आवतणच हाय ते. तिनं खरं मानलं तर?"

कोंडाजी कधी आवाज चढवायचा नाही, असं म्हणतात. त्या दिवशी चढवला. "एक नेलं तिनं! आता आपणहून तिला सुईनं बोलवायची? पोरीच्या अंगात घालायची?"

"न बोलवताच आली व्हती की मागल्या खेपंला," गोजरा म्हणाली.

कोंडाजी उठून चाकाजवळ जाऊन बसला.

गोजरानं लिंब ओढून काढला, चिमीला खांद्यावर टाकलं आणि चिंचेखाली जाऊन उभी राहिली. पाच-पंचवीस दारांच्या फटींना एकदम डोळे आले.

"टोच्या," ती म्हणाली. घाबरलेल्या माणसाला रीतभात आठवत नाही. "हिला काय व्हणार न्हाई ना?"

आता दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काही होत नाही, वाघासारखी राहील. पण खोटं बोलायलाही जोर लागतो, आणि सटवाजीकडं तेवढा उरला नव्हता.

"ताप येणार," तो म्हणाला. "दंड सुजणार. पोर चिडचिड करणार, तुला झोपू देणार न्हाई. आजवर हजारावर पोरं टोचली. त्यातली दोन गेली. सुईनं गेली का त्यांचं तसंच व्हायचं व्हतं, मला सांगता येत न्हाई. रोज इचार करतो. आन जिथं टोचलं न्हाई तिथली किती गेली, त्ये मोजायला मला कुणी बोलवत न्हाई."

"तुझ्या सोताच्या पोराला टोचलंस?"

"पोरगी हाय. टोचली. तवापासून माझ्याशी बोलत न्हाई. दीड वर्सामागं घरी गेलो व्हतो, तर पाठ फिरवून बसली." त्यानं डोळे चोळले. "राग धरायला हाय, एवढं बास."

पारूच्या कडेवरचं पोर चिमीचा पाय धरून ओढत होतं. सूर्य डोंगराला टेकायला आला.

तेवढ्यात मागून कोंडाजी आला. सगळ्यांना वाटलं, बायकोला ओढून नेणार. तो खाली बसला आणि त्यानं हात पुढं केले. "आण हिकडं," तो म्हणाला. "तू थरथरतीयास. चाकावरचा हात हाय माझा, हलायचा न्हाई." आणि चिमीला मांडीवर घेऊन त्यानं तिचा दंड असा धरला, जसं ओलं मडकं धरावं. हात हलला नाही. डोळे मात्र त्यानं गच्च मिटून घेतले होते.

पारूच्या पोराच्या फोडातलं पाणी सुईवर आलं आणि चिमीच्या दंडावर गेलं. दोन्ही पोरांनी असा गळा काढला की चिंचेवरचे कावळे उठून शेजारच्या गावाला गेले, असं म्हणतात. पारूनं पोराला पदराखाली घेतलं. "माझं झालं गं बाय. आता पुढलं तुझ्या पोरीकडं," असं म्हणून ती उजेड आहे तोवर वाडीच्या वाटेला लागली.

गोजरा घरी गेली आणि काढलेला लिंब तिनं पुन्हा दारावर लावला. या वेळी खरा, पोरीच्या अंगात आता देवी होती.

आणि सटवाजी? तो तिथंच आडवा झाला तो आठ दिवस उठला नाही. आठही दिवस चिंचेची सावली त्याच्या तोंडावरून हलली नाही, असं म्हणतात. ऊन फिरायचं, बाकी सगळ्या झाडांच्या सावल्या फिरायच्या, चिंचेची तेवढी जागच्या जागी. मी पाहिलं नाही. तुम्ही तरी कुठं पाहिलंय?

इकडं गावाची मात्र जिरली. लिंब एकदा लावला की देवीची पाठवणी होईस्तोवर काढायचा नाही. लिंबाच्या घरात फोडणी द्यायची नाही, डोक्यावरून न्हायचं नाही, शेजाऱ्याकडं जायचं नाही, विस्तवसुद्धा मागायचा नाही. आणि आपला लिंब खोटा होता हे पहिल्यांदा कबूल कोण करणार? सगळं गाव दार लावून बिनफोडणीची डाळ गिळत बसलं. बयनाआत्याचा नवरा म्हणे तिसऱ्या दिवशी कोनाड्यातल्या लसणाशी बोलायला लागला होता.

सहाव्या दिवशी चिमी तापली. दंड टम्म सुजला, पोर दूध घेईना. डोळे तसेच लागले, म्हसूचे लागले होते तसे. कोंडाजीनं मडकी थापायचं लाकडी थापटणं उचललं आणि चिंचेखाली गेला, सटवाजीचं डोकं फोडायला.

"ऊठ टोच्या! ऊठ, मुडद्या!"

सटवाजी उठला नाही. कोंडाजीनं थापटणं वर उचललं आणि त्याची नजर त्या झोपलेल्या माणसाच्या टाचांवर गेली. बोट बसेल एवढ्या भेगा. त्या भेगांत माती. कुंभारच तो, मातीकडं बघितल्याशिवाय राहवतं का त्याला? एका भेगेत वरल्या वाडीची तांबडी होती. दुसरीत नदीकाठची काळी. एकीत चुनखडीच्या माळाची पांढरी. असल्या मातीसाठी कोंडाजीचं गाढव दोन दोन दिवस चालायचं. त्यानं पाच गावांची माती ओळखली आणि सहावी त्याला ओळखू येईना.

तो खाली बसला. डोकं फोडायला आणलेल्या थापटण्यानं सटवाजीच्या तोंडावरच्या माश्या वारत बसला. दोन दिवस.

आठव्या दिवशी सकाळी चिमीचा ताप उतरला. ती पोटभर प्यायली आणि गोजराचे केस ओढून तिनं हसायला सुरुवात केली. दंडावर टपोरा फोड. गोजरानं आधी देवीची ओटी भरली, लिंब उतरवून ओढ्यात सोडला. मग चूल पेटवली, कढईत तेल टाकलं, मोहरी टाकली, आणि त्यावर टाकला ठेचलेला लसूण.

तो वास गावातून असा फिरला की बस! वारा नव्हता तरी फिरला, असं म्हणतात. बंद दारांतून आत गेला, चुलीजवळ बसलेल्या बायांच्या नाकात शिरला. बायांना कळलं. फोडणी पडली म्हणजे देवी गेली, आणि देवी येऊन गेली तरी पोर हसतंय. एकेक दार उघडलं. लोक म्हणतात विश्वास बसला म्हणून उघडलं. मी म्हणतो, निम्मं श्रेय लसणाचं. माणूस शहाणा व्हायला कारण कुठलंही चालतं.

त्या वासानं सटवाजीलाही जाग आली. त्यानं विचारलं, "किती?"

"अकरा," कोंडाजी म्हणाला.

अकरा आईबाप अकरा पोरं घेऊन चिंचेखाली उभे होते. कुणी भांडत, कुणी रडत, कुणी परत फिरत आणि पुन्हा येत. सटवाजीनं चिमीच्या दंडावरून अकराही टोचली. पुढच्या आठव्याला त्यातलंच एक पोर आणि त्याची आई संगं घेऊन तो पुढच्या गावाला निघाला. जाताना निम्मा झोपेतच होता.

त्या उन्हाळ्यात देवी घाट चढून वर आली. चिमी आणि ती अकरा, बारापैकी एकाला तिनं बोट लावलं नाही. बाकीच्या घरांचं मी सांगत नाही. त्या घरची माणसं इथंच बसली आहेत.

सटवाजी पुढं कुठं गेला, कुठं मेला, कुणाला ठाऊक नाही. वरली वाडी म्हणते आमच्याकडं टेकला तो उठला नाही. नदीकाठचे म्हणतात आमच्याकडं. एकूण पाच गावांत त्याची समाधी आहे. बिचारा! मेल्यावरही त्याला पाच ठिकाणी पडावं लागतं.

समाधी आपल्याकडं नाही. आपल्याकडं घोंगडी आहे.

आता देवी गेली. बाकीचे रोग आहेत, त्यांच्या लशी आहेत. गुरुवारी नर्सबाई स्कूटीवर पेटी बांधून येते. आणि तुम्ही? तुम्ही लिंब लावत नाही, एवढाच फरक. कुणी सांगतं बाळ मामाकडं गेलंय. कुणी मोबाइलवर काहीबाही वाचून येतं आणि तिलाच शिकवतं. एका शहाण्यानं तर परवा दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि स्वतः खिडकीतून आत गेला, माझ्या डोळ्यांदेखत. विचारा की, दहा वेळा विचारा. गोजरानंही विचारलं होतं. पण चिंचेखाली जाऊन विचारलं होतं.

म्हणून आपल्या गावात चाल आहे. टोचणारं माणूस आलं की आधी चिंचेखाली सटवाजीच्या नावानं घोंगडी अंथरायची, त्याला पाणी द्यायचं, आणि आईबापांनी मनात येईल ते विचारून घ्यायचं. त्यानं माहीत असेल ते सांगायचं आणि माहीत नसेल तिथं तसं सांगायचं. मग पोरं टोचायची. आणि शेवटचं पोर टोचून झालं की त्याला त्या घोंगडीवर घटकाभर पडू द्यायचं.

नवी नर्सबाई पहिल्यांदा आली तेव्हा लाजली. म्हणाली, "अहो आजोबा, अजून तीन गावं राहिलीत मला."

म्हटलं, "म्हणूनच पड, बाई."

पडली ती झोपलीच. आम्ही सगळे रडकी पोरं घेऊन लांब, नदीकडं जाऊन बसलो. थकलेल्या माणसाला उठवू नये. आणि तो आपलीच दारं ठोठावून थकलेला असेल, तर मुळीच नाही.