एकशे बाराचा राग

“...पण मी खरोखरच चिडलोय, हे लोकांना कधी पटणार, बाबा?”

नूरबाबा फकीर चिंचेखाली गोधडीला टाके घालत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

विचारणारे श्रीनिवास सर, हायस्कुलात गणित शिकवणारे. वय चौतीस. सातव्या वर्षी मधुमेह झाला, तेव्हापासून रोज इन्सुलिनच्या सुया. सुयांचं त्यांना आता काही वाटत नसे. दुखणं वेगळंच होतं. साखर फार उतरली की माणूस चिडतो, असं डॉक्टर एकदा बोलून गेले आणि त्या दिवसापासून सरांचा एकूण एक राग साखरेच्या नावावर गेला.

“लहानपणी रडलो की आई साखर बघायला बोट टोचायची. कॉलेजात एका मुलीला चिठ्ठी देताना हात थरथरला, तर तिने ग्लुकोजचं बिस्किट पुढे केलं! वर्गात ओरडलो की पोरं म्हणतात, सर, गोळी चघळा. आणि ही...”

ही म्हणजे रेवती, सरांची बायको. ती शेजारी उपम्याचा डबा उघडून बसली होती.

“आठ वर्षांत आमचं एक धड भांडण झालेलं नाही! मी तोंड उघडलं की ही म्हणते, अहो, साखर बघा. मी माणूस आहे की साखरेचं पोतं?”

सरांना खरंच फार लागलं होतं.

बाबांनी दाताने दोरा तोडला. मग हळूच रेवतीला विचारलं, “सकाळपासून काही खाल्लंय का याने?”

झालं! सर ताडकन उठले.

“तुम्हीसुद्धा? हिनेच पढवलं असणार तुम्हाला! काडीची अक्कल नाही हिला!”

आणि त्यांनी रेवतीसमोरचा डबा लाथेने उडवला. सगळा उपमा मातीत गेला.

रेवतीने सवयीने पिशवीतून साखर मोजायचं मशीन काढून पुढे केलं.

सरांनी फणकाऱ्याने बोट टोचलं. आकडा उमटायची वाट बघितली...

“एकशे बारा! बाबा, एकशे बारा! अगदी नॉर्मल!”

सत्तावीस वर्षांनी कोर्टात निकाल आपल्या बाजूने लागावा तसे त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मशीन बाबांना दाखवलं, रेवतीला दाखवलं, फांदीवरच्या कावळ्यालाही दाखवलं.

“हा राग माझा आहे! शंभर टक्के माझा!”

रेवती वाकून मातीतला उपमा डब्यात भरत होती. तिची बोटं थरथरत होती. तिला कुणी साखर विचारली नाही.

“नक्की तुझाच?” बाबांनी विचारलं.

“माझाच!”

“पुरता?”

“पुरता, बाबा!”

बाबा सुईत नवा दोरा ओवू लागले...

“मग बेटा, उपमा ती का गोळा करतेय?”