बाळकूची निळी बादली

एका गावात पाणी नव्हतं, पण एक भोळा बाळकू होता. बाळकू ग्रामपंचायतीचा शिपाई. सांगितलं तेवढं करायचा आणि सांगितलं तसंच करायचा. शिपायाला यापेक्षा वाईट सवय नसते.

वैशाख लागला. विहिरीचा तळ उघडा पडला. बायका रिकामे हंडे घेऊन पंचायतीपुढे बसल्या. तालुक्याच्या साहेबानं निरोप धाडला, "टँकर देतो. आधी गावाचा नकाशा पाठवा. कॉम्प्युटरवर काढलेला. हातानं काढलेला चालणार नाही." साहेबानं एकदा येऊन बघितलं असतं तर नकाशा लागला नसता. पण उन्हात साहेब विरघळतात.

कॉम्प्युटर पंचायतीत होता. आल्यापासून प्लास्टिकखाली होता. तो शिकायला तालुक्याला कुणीतरी जायचं होतं. त्या दिवशी गावात लग्न होतं, म्हणून बाळकूला पाठवलं. तो जेवला, टोपी मिळाली, परत आला. तेव्हापासून तो गावचा कॉम्प्युटरवाला.

सरपंच अनसूयाबाई म्हणाल्या, "बाळकू, आमचे हंडे आता तुझ्या हातात आहेत रे."

बाळकूनं दोन्ही हात बघितले. "नाहीत, मावशी."

अनसूयाबाईंनी कपाळाला हात लावला आणि शाळेतल्या रुक्साना मॅडमना बोलावलं. मॅडमनी चित्रं काढायचा प्रोग्राम उघडून दिला.

"ही पेन्सिल. हिनं गावकूस काढ, घरं काढ, रस्ता काढ. विहीर गोल काढ. मग ही बादली घे आणि विहिरीत निळा रंग ओत. कळलं?"

"कळलं. बादली भरायची कुठं?"

"ती भरलेलीच असते."

बाळकूच्या डोळ्यांत पाणी आलं. गावात त्या दिवशी तेवढंच पाणी होतं.

मॅडम शाळेत गेल्या. बाळकूनं गावकूस काढलं, वेशीपाशी मोकळं ठेवलं. घरं काढली, दारं उघडी ठेवली. विहीर काढली आणि तिलाही फट ठेवली. नाहीतर बायका आत उतरणार कशा? मग बादली ओतली. निळा रंग फटीतून बाहेर आला. रस्त्यावर पसरला, दारांतून घरांत शिरला, देवळात शिरला, वेशीतून बाहेर पडून तालुक्याकडे निघाला. बाळकू खूश. एवढं पाणी गावानं कधी बघितलं नव्हतं. त्यानं नकाशा धाडून दिला.

दुसऱ्या दिवशी टँकर आला नाही. ट्रकवर होडी आली. तिच्याबरोबर लाल जाकिटं घातलेले जवान. गाव बुडालं म्हणून साहेबानं धाडले होते. बाहेर ऊन रणरणत होतं, पण साहेबाच्या खिडकीला पडदा होता. जवानांना होडी सोडायला पाणी सापडेना, म्हणून त्यांनी निदान प्यायला मागितलं. गावात दोन हंडे शिल्लक होते. ते संपवून, 'परिस्थिती आटोक्यात' असं कळवून ते निघून गेले.

मॅडम ओरडल्या, "फट का ठेवलीस? काहीही ओतायच्या आधी सगळीकडून बंद करायचं. एवढीशी फट राहिली तरी सगळं बाहेर सांडतं!"

"आता कळलं," बाळकू म्हणाला. "पक्कं."

"बरं. हे खोडरबर घे. जे गावात नाही ते पूस."

बाळकू पुसायला बसला. गावात पाणी नाही. पुसलं. पाण्याशिवाय विहीर कसली? पुसली. रस्ता कागदावर होता, त्याच्यावर दोनदा डांबर पडलं होतं, तेही कागदावर. पुसला. दवाखान्याचं उद्घाटन झालं होतं, दवाखाना व्हायचा होता. पुसला. कुलूप लावून पुण्याला गेलेल्यांची घरं पुसली. मग उरलेल्यांचीही पुसली, कारण सगळे हंडे घेऊन पंचायतीपुढे होते, घरात कुणी नव्हतं. गावकूस, देऊळ आणि पिंपळ एवढंच राहिलं. नकाशा गेला.

रस्त्याबाबत खरं बोलणारा नकाशा त्या कचेरीत पहिल्यांदाच आला असेल. साहेबानं खोटा म्हणून परत केला. वर शेरा मारला, 'गाव दिसत नाही. टँकर कोणास द्यावा?'

अनसूयाबाई तणतणत आल्या. "मेल्या, रस्ता का पुसलास?"

"कुठाय, मावशी?"

अनसूयाबाईंनी पदर सारखा केला. "ते राहू दे. घरं का पुसलीस ते सांग!"

मॅडम मध्ये पडल्या. "बाळकू, आता शेवटचं. एक घर नीट काढ. बाकीची काढत बसू नकोस. त्याचीच नक्कल करायची आणि चिकटवत जायची."

"आता कळलं. पक्कं."

गावात नीट घर एकच होतं, अनसूयाबाईंचं. दुमजली, वर गच्ची, दारात गाडी. बाळकूनं ते मन लावून काढलं आणि चिकटवत सुटला. कुंभाराच्या छपराजागी बंगला. शाळेजागी बंगला. मारुतीलाही बंगला, दारात गाडी. तालुक्याहून शेरा आला, 'गाव सधन आहे. पाणी विकत घ्यावे.'

तेव्हा मॅडमनी शाळा सुटल्यावर स्वतः बसून नकाशा काढला. टँकर मंजूर झाला. एकच.

अनसूयाबाईंनी बाळकूला समोर उभं केलं. "उद्या टँकर येतोय. विहिरीत पाणी ओतायचंय. आम्ही सगळ्या हंडे घेऊन विहिरीवर थांबतो, तू वेशीवर थांब. आणि हे बघ, स्वतःचं डोकं चालवू नकोस. मॅडमनी शिकवलंय तेवढंच कर."

"पक्कं, मावशी."

सकाळी बाळकू वेशीवर गेला. डोकं चालवलं नाही. मॅडमचं आठवलं. ओतायचं म्हणजे आधी फट बंद. सगळ्या गावकुसाला फट एकच, ती म्हणजे वेस. त्यानं दगड आणले, बाभळीच्या काट्या ओढल्या, पंचायतीची मोडकी कचरागाडी आडवी लावली. उंदीर शिरणार नाही अशी वेस लिंपली आणि गावकुसावर चढून बसला.

टँकर आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. "ए भाऊ, वाट उघड!"

"आधी ओता, मग उघडतो."

"अरे येड्या, आत ओतायचंय!"

"म्हणूनच बंद केलंय. उघडं राहिलं तर सांडतं. मागच्या खेपेला होडी आली होती."

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, घड्याळ बघितलं. टँकर रिकामा नेल्याशिवाय फेरी धरायची नाही, असा साहेबाचा नियम होता. त्यानं मागचा कॉक फिरवला. पाणी धो धो वेशीबाहेर पडलं, उतारानं ओढ्याला लागलं आणि वाळूत गडप झालं. टँकर गेला. कचेरीत नोंद झाली, 'गावास पाणी पोचले.'

हॉर्न ऐकून बायका विहिरीवरून हंडे घेऊन धावत आल्या. अनसूयाबाई पुढे. गावकुसावर बाळकू छाती काढून उभा.

"बाळकू, पाणी कुठाय रे?"

"बघा मावशी," बाळकू म्हणाला, "सगळा टँकर ओतला. गावात एक थेंब सांडू दिला नाही!"