आवडू सुईणीची ढोलीतली बाळंतीण

तुमच्या पणज्या पाळण्यात होत्या, तेव्हाची ही गोष्ट. डोंगराच्या कुशीतल्या या आपल्या गावात आवडू नावाची सुईण होती. तिच्या हातून एकही बाळंतीण कधी दगावली नाही, असं म्हणतात.

बाळंतिणीच्या कंबरेला चोळायला तिला धनेश पक्ष्याची चरबी लागायची. धाकू शिकारी ती आणून द्यायचा. धनेश कमी होत गेले, पण कुणाला त्याचं काय! एका उन्हाळ्यात धाकूनं राईतला शेवटचा नर तिच्या अंगणात आणून टाकला. आवडूनं चोच उघडली, तर गळ्यात उंबरं भरलेली. तो घास कुणासाठी होता, हे म्हातारीनं ओळखलं. धनेशाची मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते, फक्त एक फट ठेवते, आणि नर तिला तिथून भरवतो. रानाकडेच्या माणसाला हे काय सांगायला लागतं?

"धाकू, तिचो घोव माझ्यापायी मेलो रे," ती म्हणाली. "बाळंतीण आत उपाशी आसा."

राईतल्या बेहड्यावर तिनं ती ढोली शोधली. धाकूला शिडी बांधायला लावली. पण मादी माणसाच्या हातचं घेईना. आवडू रडली, विनवण्या केल्या. शेवटी तिनं मेलेल्या नराची चोच आपल्या हातावर बांधली आणि तिच्यातून उंबर पुढे केलं. मादीनं ते घेतलं, असं म्हणतात.

लोक हसले. "म्हातारे, खुळावलंस काय गे?" ती मात्र चढतच राहिली. चोच हाताला अशी चिकटली की सुटेना, खांद्यावर काळी पिसं फुटली, असं म्हणतात. खोटं वाटतं? वाटू दे.

पावसाच्या तोंडावर ढोलीचं लिंपण फुटलं आणि पिल्लू बाहेर आलं. आई आत मरून पडली होती. मिळालं ते सगळं तिनं पिल्लालाच भरवलं होतं. आवडूच्या हातून गेलेली पहिली बाळंतीण ती.

पिल्लू उडालं, पण त्याच्या जोडीला कोण? कितीतरी वर्षं ते राईवर एकटंच ओरडत फिरलं, आणि आवडू अंगणातून ओ देत राहिली. मग एके दिवशी हाक आलीच नाही. आवडूही पुढे फार जगली नाही.

तेव्हापासून राईत कुऱ्हाड जात नाही, बंदूक जात नाही. आणि गावात मूल जन्मलं की पाचवीला त्याच्या बापानं ओंजळभर उंबरं बेहड्याखाली ठेवायची. तो परत येईपर्यंत घरात बाळंतीण जेवत नाही. वर ढोली रिकामीच आहे. फळं मुंग्या नेतात. तरी प्रत्येक बाप घटकाभर वर बघत उभा राहतो.