ठकूबाईची वीट

पडद्याच्या डाव्या अंगाला बघा, बाजूच्या भिंतीत एक वीट नाही. बोट घालू नका हो, आत कधीकधी विंचू असतो. गवंड्याचा हलगर्जीपणा नाही तो. त्यामागे ठकूबाई बुरूड आहे.

चित्रं मुकी होती तेव्हाची गोष्ट. आपल्या चंद्रप्रभा थिएटरच्या तवनाप्पा शेठनं म्हणे गोव्याकडून जुना पाइप ऑर्गन आणला, पुरुषभर उंच नळ्यांचा. पेद्रू मास्तर पडद्यापुढे बसून तो वाजवायचे. पण नळ्यांत वारा भरणारा भाता भिंतीमागच्या खोलीत होता, आणि तो ओढायची ठकूबाई. सहा वर्षं ओढला. लोक हसायचे, रडायचे, शिट्ट्या मारायचे. कशावर, ते तिला ठाऊक नाही. एकही चित्र तिनं बघितलं नव्हतं.

एका संध्याकाळी, खेळ चालू असतानाच, तिनं शेठला म्हटलं, "एकदा मला बघू द्या."

शेठ म्हणाले, "भाता ओढणाऱ्यानं पडदा बघितला की हात थांबतो. तू आपली ओढ."

"मग न बघताच थांबला," म्हणाली आणि उठली.

भरल्या थिएटरात ऑर्गन मुका झाला. मास्तर पट्ट्या दाबतायत, आवाज नाही. लोकांनी बाकडी आपटली. शेठनं तालमीतले दोन पैलवान भात्याला जुंपले, तर ऑर्गन बोकडासारखा ओरडायला लागला. जोर होता, लय कुठून आणणार? तोवर ठकूबाईनं बांबू तासायची कोयती घेऊन भिंतीतली वीट उकरून काढली. पैलवानांना बाजूला केलं, भोकाला डोळा लावला आणि भाता धरला. पडद्यावर एक राजा घोड्यावरून चालला होता. ती रडत होती म्हणे, पण हात थांबला नाही. ऑर्गन त्या दिवसासारखा पुन्हा कधी वाजला नाही, असं सांगतात.

सकाळी शेठनं वीट बसवली, संध्याकाळी हिनं काढली. असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी गवंडीच म्हणाला, "शेठ, चुना संपला." चुना मळायची घाणी तर दारातच फिरत होती.

पुढे बोलपट आले, ऑर्गन गप्प झाला. शेठ म्हणाले, "आता तरी बुजवू दे."

"भाता गेला, झाडू आहे ना?" ठकूबाई म्हणाली. "झाडणारीला दर नव्या चित्राचा पहिला खेळ खुर्चीत बसून बघू द्या. नाहीतर कोयती अजून घरात आहे."

शेठनं कबूल केलं. वीट बसवायला मात्र त्यांचाही हात धजला नाही.

आजही शुक्रवारी तेच. तुमच्याकडे तिकिटं आहेत, मान्य. पण ती मधली खुर्ची रिकामी दिसतेय ना? सारजाबाई अजून जिना झाडतायत. त्या येऊन बसल्या की चित्र सुरू होईल. फारच घाई असेल, तर दुसरा झाडू त्या कोपऱ्यात आहे.